घराला लागलेली ओल : कारागीर कोण बोलवावा, काम कसे ठरवावे?

नगर-औरंगाबाद (आजच्या नावाने अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर) रस्त्यावरील घोडेगाव हे नेवासा तालुक्यातील बाजाराचे गाव. कांद्याचा आणि जनावरांचा बाजार म्हणून ते साऱ्या परिसराला ठाऊक आहे. अशा गावांत व्यापाऱ्याचे घर आणि दुकान बहुधा एकाच छताखाली असते. पुढे पेढी, मागे संसार आणि बाजूच्या खोलीत माल. त्यामुळे छत गळू लागले की एका रात्रीत घरही भिजते आणि भांडवलही.

आपला जिल्हा अवर्षणाचा. वर्षाला साधारण पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस. म्हणून गळतीकडे आपण चार दिवसांचा पाहुणा म्हणून पाहतो. बादली ठेवायची, ताडपत्री टाकायची आणि पाऊस गेला की विसरून जायचे. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा, सोलापूर आणि आपल्या जिल्ह्याच्या काही भागांत जी अतिवृष्टी झाली, तिने ही सवय महागात पाडली. पाऊस थोडा असला तरी तो थोड्याच दिवसांत आणि एकदम कोसळू शकतो. घराची परीक्षा वर्षाच्या सरासरीवर होत नाही, त्या एका रात्रीवर होते.

या लेखात दोन बाजूंचा विचार करावयाचा आहे. एक, घरमालकाने ओलीच्या कामासाठी कारागीर कसा निवडावा. दोन, गवंडी, प्लंबर, रंगारी, सुतार, वायरमन अशी कामे करणाऱ्या आपल्या बांधवांनी हे काम कसे घ्यावे. आपल्या वाचकांत दोन्ही बाजूंचे लोक आहेत, म्हणून दोघांनीही दोन्ही बाजू वाचाव्यात.

आधी रोग ओळखा

सर्वांत मोठी चूक म्हणजे भिंतीचे पोपडे निघाले की थेट रंगाऱ्याला बोलावणे. रंगारी खरवडतो, पुट्टी भरतो, रंग देतो. दिवाळी छान होते आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच पोपडे. रंगाऱ्याचा दोष नसतो. रोग एक आणि औषध दुसरे, असा हा प्रकार आहे.

घरात ओल येण्याच्या मुख्य वाटा पाच आहेत.

पहिली, छतातून. स्लॅबला उतार नसणे, पन्हाळीचे तोंड पाचोळ्याने बुजणे, कठड्याच्या मुळाशी भेग पडणे. ही ओल पावसाबरोबर येते आणि पावसाबरोबर जाते.

दुसरी, बाहेरच्या भिंतीतून. पावसाच्या झडीकडील भिंत, खिडकीच्या चौकटीचा सांधा, गिलाव्यातील तडे.

तिसरी, जमिनीतून. जोत्याला ओलीचा प्रतिबंधक थर नसेल तर विटा दिव्याच्या वातीप्रमाणे पाणी वर ओढतात. ही ओल जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत चढते आणि भिंतीला पांढरा लोणा लागतो. नेवासा तालुक्यात मुळा उजव्या कालव्याचे पाणी आल्यापासून अनेक ठिकाणी जमिनीत ओलावा टिकून राहतो. अशा जागी ही तक्रार उन्हाळ्यातही जाणवते.

चौथी, नळातून. न्हाणीघर, मोरी, संडास आणि टाकी यांच्या नळांची गळती. ही बारमाही असते.

पाचवी, हवेतून. बंद खोलीत स्वयंपाकाची वाफ थंड भिंतीवर बसते, कोपरे काळे पडतात.

या वाटा ओळखण्यास फार यंत्रसामग्री लागत नाही. रात्री सर्व नळ बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीला खूण करा. कोणी पाणी न वापरता सकाळी पातळी उतरली असेल तर टाकी किंवा नळ गळतो आहे. भिंतीवर दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. थेंब कागदाच्या मागे, भिंतीकडे दिसले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडील बाजूस दिसले तर ती वाफ आहे, आणि तिथे गवंडी लागत नाही, खिडकी उघडी ठेवावी लागते. न्हाणीघराचा संशय असेल तर फरशीवर रंगीत पाणी साठवून खालच्या छतावर तो रंग उतरतो का ते पाहावे.

स्लॅबवर पाणी तुंबवून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाहण्याची पद्धत चांगली आहे, पण सावधगिरीने. शंभर चौरस फुटांच्या एका ब्रासवर दोन इंच पाणी म्हणजे सुमारे पावणेपाचशे किलो वजन होते. सळ्या उघड्या पडलेल्या जुन्या स्लॅबवर किंवा माळवदावर हा प्रयोग मुळीच करू नये.

कोणते काम कोणाचे?

एकच माणूस सर्व कामे करतो असे सांगू लागला तर दोन प्रश्न अधिक विचारावेत. ओलीच्या कामात कारागिरांचा क्रम महत्त्वाचा आहे.

प्रथम वायरमन. भिंत ओली असेल आणि स्विचबोर्डाला झिणझिण्या येत असतील, तर मेन स्विच बंद करूनच पुढचे पाऊल टाकावे. पाण्यात उभे राहून बोर्डाला हात लावू नये. शॉक बसताच वीज तोडणारे तीस मिलीअँपिअरचे सुरक्षा स्विच प्रत्येक घरात असावे. एका माणसाच्या जिवापुढे त्याची किंमत काहीच नाही.

त्यानंतर प्लंबर. नळाची गळती असेल तर ती आधी थांबली पाहिजे. त्यानंतर गवंडी किंवा वॉटरप्रूफिंगवाला. तो पाण्याची वाट बंद करतो. मग कोणीच नाही, फक्त ऊन आणि वारा. भिंत सुकण्यास वेळ द्यावा लागतो. जाणकार साधारणपणे भिंतीच्या एक इंच जाडीला एक महिना धरतात. आपल्याकडील ऑक्टोबरची उष्णता आणि त्यापुढची कोरडी हवा हे काम फुकट करून देते. भिंत सुकल्यावर गिलावा, मग सुतार आणि सर्वांत शेवटी रंगारी.

अभियंता केव्हा बोलवावा? स्लॅबचे कवच पडून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तुळई वाकली असेल, अथवा भिंतीतील तडा पायऱ्या-पायऱ्यांनी वाढत असेल तेव्हा. लोखंड गंजले की त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढते. तो गंजच आतून काँक्रीट फोडतो. वरून सिमेंट थापल्याने गंज थांबत नाही. तडा वाढतो आहे की थांबला आहे हे पाहण्यासाठी त्यावर काचेची पातळ पट्टी आडवी पक्की चिकटवतात. पट्टी फुटली तर भिंत अजून हलते आहे. काळ्या जमिनीत हे हमखास घडते, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिथे तडा भरण्यापेक्षा घराभोवती अडीच-तीन फुटांचा, बाहेर उतार दिलेला पक्का पट्टा करून पाणी पायापासून दूर नेणे हा उपाय आधी करावा.

जुन्या माळवदाला नवे औषध नको

आपल्या भागात लाकडी तुळया, किलचा आणि वर पांढरी माती अशी माळवदाची घरे अजून आहेत. त्यांच्या भिंती माती-चुन्याच्या असतात. त्या ओल घेतात आणि श्वास सोडावा तशी ती बाहेरही टाकतात. अशा भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला की ओल आत कोंडते, माती सुटते आणि तुळयांची टोके कुजतात. वरून भिंत नवी, आतून पोकळ. अशा घरांना चुना जाणणारा गवंडी शोधावा आणि माळवदावर दर उन्हाळ्यात मातीची डागडुजी व उतार नीट करावा.

नगरच्या कारागिरांना हे शास्त्र नवे नाही. निजामशाहीच्या काळात येथे खापरी नळांनी शहराला पाणी आणले गेले आणि फराहबागेचा महाल तर तलावाच्या मध्यभागी उभारला गेला. दगड आणि चुना यांनी पाण्याशी कसे वागावे हे ज्या कारागिरांना कळत होते, त्यांचे ज्ञान आपण सिमेंटच्या गोणीत बुडवले.

दुसरी एक चूक कोब्याची. स्लॅब गळतो म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा घालतात. विटांच्या तुकड्यांचा चार इंच जाडीचा कोबा एका ब्रासवर सुमारे पावणेदोन टन वजन टाकतो. जुना न काढता नवा घातला तर स्लॅबवर दुप्पट ओझे होते. जुना कोबा काढण्याची मजुरी वाचवू नये. नवा करताना शंभर फुटांना किमान एक फूट उतार ठेवावा आणि कठड्याच्या मुळाशी गोलाई काढावी.

माल तपासून घ्या

सिमेंटची गोणी पन्नास किलोची असते आणि तिच्यावर उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट ओलीच्या कामात वापरू नये. त्याची ताकद लक्षणीय उतरलेली असते. आज दुकानात मिळणारे बहुतेक सिमेंट मिश्र प्रकारचे आहे. त्याला किमान दहा दिवस पाणी मारावे लागते. दोन दिवस पाणी मारून सोडलेला गिलावा उन्हाळ्यात तडकतो, आणि मग दोष गवंड्याला दिला जातो. पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरवावे.

वॉटरप्रूफिंगच्या रसायनाचे डबे मालकासमोर उघडावेत. डब्यावरील प्रमाणच पाळावे. रिकामे डबे काम संपेपर्यंत घराबाहेर जाऊ देऊ नयेत. किती ब्रासला किती डबे लागतात हे डब्यावरच लिहिलेले असते. मोजणी केली की काम खरे की खोटे ते कळते. आणि एक तत्त्व ध्यानात ठेवावे : पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूने लेप द्यावा. बाहेरचा पाऊस आतून लेप देऊन रोखू पाहणे म्हणजे पाण्याच्या रेट्यापुढे कागद धरणे.

बोली, लेखी करार आणि पैसे

किमान तीन कारागिरांना प्रत्यक्ष जागा दाखवावी. फोनवर भाव सांगणाऱ्याचा भाव खरा धरू नये. त्याने पूर्वी केलेली दोन कामे पाहावीत, आणि ती अशी असावीत की ज्यांच्यावरून निदान एक पावसाळा गेला आहे. नव्या कामावर सगळेच वॉटरप्रूफिंग टिकते.

सर्वांत कमी बोली म्हणजे सर्वांत स्वस्त काम नव्हे. एकाने जुना कोबा काढणे धरलेले असते, दुसऱ्याने नसते. एकाने माल धरलेला असतो, दुसऱ्याने फक्त मजुरी. म्हणून सर्वांना एकच यादी द्यावी आणि त्या यादीवर भाव मागावा.

काम ठरले की साध्या कागदावर का होईना, लिहून घ्यावे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

१. काम कोणत्या जागी, किती ब्रास, कोणत्या पद्धतीने.
२. मालासह की मजुरीवर, उक्ते की रोजंदारीने.
३. मालाचे नाव, प्रकार आणि प्रमाण.
४. सुरू आणि पूर्ण करण्याची तारीख.
५. राडारोडा कोण उचलणार, पाणी कोण मारणार.
६. काम पूर्ण झाल्यावर पाण्याची परीक्षा कशी घेणार.
७. किती काळाची हमी, आणि हमीत काय येते व काय येत नाही.
८. पैसे कोणत्या टप्प्यावर किती.

उधारीचा व मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ही शिकवण कुरआनच्या अल-बकरा सूरेतील २८२व्या आयतीत आहेच. आगाऊ दिलेली उचल आणि हमीसाठी मागे ठेवलेली रक्कम, दोन्ही मुदतीचेच व्यवहार आहेत. "आपलाच माणूस आहे, लिहायचे कशाला?" असे म्हणून सुरू झालेली किती कामे अबोल्यावर संपतात, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. आपला माणूस आहे म्हणूनच लिहावे, म्हणजे तो आपलाच राहील.

पैशाचे एक उदाहरण घेऊ. समजा, काम मालासह साठ हजार रुपयांना ठरले. माल जागेवर आल्यावर पंधरा हजार, जुने काढून उतार पूर्ण झाल्यावर वीस हजार, काम पुरे होऊन पाण्याची परीक्षा झाल्यावर एकोणीस हजार आणि एक पावसाळा गेल्यावर उरलेले सहा हजार. म्हणजे दहा टक्के रक्कम हमीपोटी राहिली. मात्र ही रक्कम ठेकेदाराच्या नफ्यातून राहावी, मजुरांच्या रोजातून नव्हे. मजुरांचा पगार आठवड्याच्या बाजाराला मिळालाच पाहिजे. आणि पावसाळा कोरडा गेला तर मालकाने ते सहा हजार न मागता स्वतः नेऊन द्यावेत.

ठेकेदार जीएसटी मागत असेल तर बिलावर त्याचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. क्रमांक नसेल तर त्याला कर आकारता येत नाही.

पुराचे किंवा अतिवृष्टीचे पाणी शिरले असेल तर

वीज बंद केल्यावर आणि माणसे सुरक्षित झाल्यावर पहिले काम झाडलोटीचे नाही, छायाचित्रांचे आहे. भिंतीवरील पाण्याची रेघ, भिजलेला माल आणि मालाची बिले यांची छायाचित्रे घ्यावीत. तलाठी कार्यालयाला कळवून पंचनामा करून घ्यावा. विमा असेल तर विमा कंपनीस त्याच दिवशी कळवावे आणि सर्व्हेयर येण्यापूर्वी भिजलेला माल फेकून देऊ नये. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा दुकानांतील माल आणि कागदपत्रे एकाच वेळी बुडाली. बिलांची एक प्रत दुकानाबाहेर, उंच जागी किंवा मोबाईलमध्ये ठेवणे हा त्यातून घेण्याचा धडा आहे.

१ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेच्या धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी देणे बंधनकारक झाले आहे. त्यांत पूर येतो. परंतु वर्षानुवर्षे झिरपणारी ओल आणि दुर्लक्षामुळे झालेली झीज त्यांत येत नाही. म्हणजे गळती वेळेवर न दुरुस्त करणाऱ्याला विमाही वाचवत नाही.

ओल्या वस्तूंवर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते. गाद्या, कापड, प्लायवूड लगेच उन्हात काढावे. पाण्याची टाकी धुऊन तिचे निर्जंतुकीकरण करावे. आणि बुरशी आलेले धान्य किंवा शेंगदाणे उन्हात वाळवून विकू नयेत. बुरशीचे विष वाळवल्याने जात नाही. एका पोत्याचा तोटा सोसावा, गिऱ्हाइकाचे आरोग्य विकू नये.

कारागीर बांधवांसाठी

ओलीचे काम हे आज जाणकारांची टंचाई असलेले काम आहे. गवंडी पुष्कळ आहेत, पण ओल कुठून येते हे शोधून सांगणारे थोडे. ज्याला निदान येते त्याच्यामागे गिऱ्हाईक स्वतः येते. म्हणून पाहणीचे शुल्क वेगळे घ्यावे आणि काम मिळाल्यास ते बिलातून वजा करावे. "हे माझे काम नाही, आधी प्लंबर बोलवा" असे सांगणारा गवंडी त्या दिवसाची मजुरी गमावतो, पण ते घर कायमचे मिळवतो.

दहा वर्षांची हमी देऊन दोन वर्षांनी फोन न उचलण्यापेक्षा दोन वर्षांची हमी देऊन ती पाळावी. कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे ठेवावीत. भर पावसात कायमचे काम घेऊ नये. तात्पुरता बंदोबस्त करून द्यावा आणि पक्के काम दिवाळीनंतर धरावे. दिवाळी ते होळी हा हंगाम उत्तम. मे महिन्यात सर्वांचीच घाई असते, पाणी मारायला पाणी नसते.

वर्षातून नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगारांना राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या 'पीएम विश्वकर्मा' योजनेच्या अठरा व्यवसायांत गवंडी आणि सुतार आहेत. त्यात प्रशिक्षण आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. आपल्या कारागिरांनी या नोंदण्या टाळू नयेत.

तंटा झालाच तर

प्रथम कागद पुढे ठेवून, दोन जाणत्या माणसांसमोर बोलणी करावीत. बहुतेक प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास लेखी नोटीस द्यावी. पैसे घेऊन घराचे काम सदोष केले असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. पण तेथेही पहिला प्रश्न हाच असतो : लेखी काय आहे?

थोडक्यात : आधी वाट शोधा, मग कारागीर. आधी गळती थांबवा, मग गिलावा. आधी भिंत सुकवा, मग रंग. आणि या सर्वांच्या आधी कागद. या हंगामात पाऊस थांबला की एकदा स्वतः छतावर चढा, पन्हाळीचे तोंड मोकळे करा आणि कुठे पाणी साचते तेथे खडूने खूण करा. त्या खुणेला एक रुपयाही लागत नाही, आणि पुढील बोलणे तिथूनच सुरू होते.